सहा पानांचा करार

आतेबहिणीचं परदेशातल्या नोकरीचं पक्कं झालं तेव्हा धारहून पहिला फोन आमच्याकडे देवासला आला, आणि आत्यानं बाबांशी दोन शब्द बोलून मला फोनवर बोलावलं. करार इंग्रजीत होता. त्यांच्या घरात तो नीट वाचू शकेल असं कुणी नव्हतं. "तुझ्या इंग्लिश मिडियमचा आज उपयोग होणार बघ," आत्या म्हणाली. ती कौतुकानंच म्हणाली असणार. रविवारी येते असं सांगून मी फोन आईच्या हातात दिला आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. ते अजून ओले होते.

ही आतेबहीण माझ्याहून दीड वर्षानं लहान. ती धारच्या सरकारी हिंदी शाळेत शिकली, मी देवासच्या कॉन्व्हेंटमध्ये. लहानपणी सणावाराला सगळे जमले की मला इंग्रजीत काहीतरी म्हणायला लावत, आणि ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राही. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दर वेळी म्हणत, ही पोरगी एक दिवस बाहेर जाणार. बाहेर म्हणजे परदेशी. मी लाजून आत पळायचे, पण मला ते खरं वाटायचं. कॉलेज संपेपर्यंत मी मनाशी तसंच धरून चालले होते. पुढे काही झालं नाही. का झालं नाही असंही विचारता येत नाही, कारण मी कधी कुठे अर्जच केला नाही. एका खासगी शाळेच्या ऑफिसात मला नोकरी लागली. पालकांना जाणारी इंग्रजी पत्रं मी लिहिते आणि खाली मुख्याध्यापिका सही करतात.

ती नर्सिंगला गेली. धारजवळच्या मनावर गावातल्या एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं राबली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून इंग्रजी शिकली. ते इंग्रजी असं की ऐकताना माझे कान गरम व्हायचे. क्रियापदं कुठल्या कुठे. पण ती बोलायची. आखातातल्या एका हॉस्पिटलच्या लोकांनी इंदूरच्या एजन्सीत तिची मुलाखत घेतली आणि त्याच दिवशी तिला निवडलं. हे मला आईनं पोळ्या लाटताना सांगितलं. मी "अरे वा" म्हटलं. माझा आवाज बरोबर निघाला, हे मला आठवतं.

रविवारी मी धारला गेले. खाली आतोबांचं शिलाईचं दुकान आहे, शाळांचे गणवेश शिवतात, आणि वर घर. दुकान त्या दिवशी बंद होतं. खोलीत सतरंजी घातली होती, शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या, आणि माझ्यासाठी मधोमध खुर्ची ठेवली होती. करार सात पानांचा होता. मी एकेक कलम वाचत होते आणि मराठीत सांगत होते. कायद्याचे शब्द मला मराठीत येत नाहीत, त्यामुळे सगळं फार सोपं होऊन बाहेर पडत होतं. नोकरी सोडायची असली तर आधी कळवायचं. आजारी पडली तर उपचार तेच करतील. राहायची सोय हॉस्पिटलच्या वसतिगृहात.

मी सावकाश वाचत होते. सगळ्यांना वाटलं मी समजावून सांगते आहे. खरं तर मी खोट शोधत होते. प्रत्येक कलमापाशी मला वाटायचं, इथे असेल. परदेशी नोकऱ्यांच्या फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतोच, आणि एजन्सीवाले काही देव नसतात. सातव्या पानावर मुख्य गोष्टी होत्या: पद स्टाफ नर्सचं, काम फक्त हॉस्पिटलात, आठ तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, आणि तिथे पोचल्यावर याहून कमी अटींचा दुसरा करार करून घेतला जाणार नाही. मी ते पान दोनदा वाचलं. खोट नव्हती.

"काही गडबड तर नाही ना, बेटा?" आतोबांनी विचारलं.

"नाही. चांगला आहे," मी म्हटलं. आतेबहिणीनं मला मागून मिठी मारली. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. मला तिचा इतका हेवा वाटत होता की मी खुर्चीवरून उठलेच नाही.

आमच्या घरांत महत्त्वाचा कागद बाहेर पाठवण्याआधी देवापुढे ठेवतात आणि लग्नपत्रिकेला लावतात तसं त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. आत्यानं ते सातही पानांना लावलं. पहिल्यालाच का, बाकीच्यांनी काय केलं, असं तिचं म्हणणं. समईचं तेल तिच्या बोटांना होतं. कुंकू पसरत गेलं, आणि दोन पानांवर तर शिक्क्यावरच गेलं. मग मुहूर्त बघून सही झाली, आम्ही पेढे खाल्ले आणि मी संध्याकाळच्या बसनं परत आले.

आठवड्यानं एजन्सीनं कागद परत पाठवले. असले डाग वकिलातीत चालत नाहीत म्हणे. त्यांनी ईमेलवर नवीन करार धाडला, आतेबहिणीनं तो धारमधल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला, तिथल्याच काउंटरवर सही केली आणि कुरिअरनं पाठवून दिला. आत्यानं या वेळी त्याला हात लावला नाही, पुन्हा डाग पडायचा म्हणून. तो कुणीच वाचला नाही. वाचायचं काय होतं? मी सगळ्यांसमोर वाचला होता, देवापुढे ठेवून झाला होता. त्यांच्या लेखी करार एकच होता, फक्त कागद बदलला होता. तिथेच ते चुकले, आणि त्यांच्या जागी मी असते तरी मीही हेच केलं असतं.

तिनं नव्या कराराची फाइल मला सोमवारी मोबाइलवर पाठवली. तिचा मोबाइल भरला होता, म्हणून माझ्याकडेही एक असू दे म्हणाली. मी ती मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात उघडली. कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. पानं सहाच होती. सातवं पानच नव्हतं. पद नर्सिंग सहायकाचं झालं होतं. कामाची जागा हॉस्पिटल, किंवा मालक सांगेल ती इतर कुठलीही जागा, त्यात खासगी घरंही आली. आणि शेवटी एक ओळ: तिथे पोचल्यावर तिथल्या भाषेत जो करार होईल तोच अंतिम.

मला बरं वाटलं. हे लिहायला सोपं नाही, पण पहिलं जे वाटलं ते हेच. मग मी फाइल बंद केली, फी-माफीच्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला आणि सुट्टी संपेपर्यंत काम केलं.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. मी स्वतःला सांगत होते की एजन्सीची काहीतरी पद्धत असेल, मी काही वकील नाही, उगाच घाबरवायचं कशाला. हे सगळं खरंही असू शकत होतं. पण त्या चार दिवसांत मी डोळ्यांपुढे बघितलं ते वेगळंच होतं. ती सहा महिन्यांत परत आली आहे, जरा बारीक झाली आहे, आणि सणाला आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसलो आहोत. तिथे तिचं काय होईल, कुणाच्या घरात ती किती तास राबेल, पासपोर्ट कुणाच्या कपाटात असेल, हे मी बघतच नव्हते. मी थेट तिच्या परत येण्यावर पोचायचे.

शुक्रवारी ती आणि आत्या देवासला आल्या. जाण्याआधी टेकडीवरच्या दोन्ही देवींची ओटी भरायची होती. रोपवे आहे, पण ओटी घेऊन पायी चढायचं असं आत्याचं ठरलेलं. आई आणि आत्या मागून थांबत थांबत येत होत्या. आतेबहीण ताट घेऊन पुढे, तिच्याबरोबर मी. ती तिथल्या वसतिगृहाबद्दल बोलत होती. खोलीत दोघीच असतात, खिडकीतून समुद्र दिसतो, असं तिथल्या एका केरळच्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताई, तू येशील ना मला भेटायला? तुला तर काय, विमानतळावर सगळं वाचता येईल."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मी पायरीवर थांबले.

"तुझा नवा करार सहा पानांचा आहे," मी म्हटलं.

"बरं मग?"

"पहिला सात पानांचा होता. त्यात तू नर्स होतीस. यात सहायक आहेस. आणि ते तुला कुणाच्या घरी कामाला पाठवू शकतात. तिथे गेल्यावर दुसऱ्या कागदावर सही घेतील आणि मग तोच खरा."

माकड आलं म्हणून तिनं ताट छातीशी धरलं. माकड गेलं तरी तसंच धरून ती उभी राहिली.

"तू कधी वाचलंस?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, ताई."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. मी गप्प राहणारी आहे, माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही असं सगळे म्हणतात. तिला दिसलं. खाली आत्याचा आवाज जवळ येत होता. ती म्हणाली, "आईला आत्ता नको सांगू. आधी ओटी भरू दे." आणि ती चढायला लागली. थोरलीची भरली, धाकटीची भरली, आत्यानं सांगितलं तितक्या प्रदक्षिणा घातल्या. मी तिच्या मागून चालत होते आणि मला तिच्या शांत राहण्याचाही हेवा वाटत होता.

घरी आल्यावर पाणी पिऊन झालं आणि तिनं सगळ्यांना सांगितलं. म्हणाली, ताईनं आज सकाळी सहज फाइल उघडली म्हणून कळलं. मी मान खाली घातली.

आत्या म्हणाली, "तेव्हा सगळ्यांसमोर वाचलं तर म्हणे चांगलं आहे. आणि आता जायला दहा दिवस राहिले तर हिला खोट सापडली. काही जणांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही."

"वन्सं, असं काय बोलून राहिलात?" आई म्हणाली.

"आई, कागदात बघ," आतेबहीण म्हणाली. "ताईच्या डोळ्यांत नको बघू."

आत्या माझ्याबद्दल बोलली ते अगदी बरोबर होतं, आणि त्या क्षणी खोलीत ते माहीत असलेल्या आम्ही दोघीच होतो.

बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे वकील आमच्याच बाजूला राहतात. त्यांनी कामगारांचेच खटले आयुष्यभर चालवले. दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. आत्यानं देवीच्या पायांना लावायला आणलेला पहिला आणि माझ्या मोबाइलवरचा दुसरा, दोन्ही करार त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचले. कुंकवाचा बघून हसले नाहीत. बाबांनी त्यांना सरळ विचारलं, इथे सही केलेला कागद तिथे चालतो की नाही?

वकील म्हणाले, "चालतो म्हटलं तर चालतो. तिथलं कामगार खातं आधी त्यांच्या नोंदीत कुठला करार आहे ते बघतं. हिनं तिथे उतरून दुसऱ्यावर सही केली तर इथला कागद नुसता पुरावा म्हणून उरतो. आपण इथे एजन्सीवर केस करू शकतो, जिंकूही. पण तोवर पोरगी तिथे काम करत असेल."

मग काय करायचं ते त्यांनी बोटांवर सांगितलं. सात पानांचा करार मालकाकडून पुन्हा लेखी मान्य करून घ्या. तोच निघण्याआधी सरकारी नोंदीत चढवा आणि तिथल्या आपल्या वकिलातीकडूनही तपासून घ्या. प्रत हिच्या पिशवीत, एक इथे. उतरल्यावर समजत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही नाही, कुणी कितीही घाई केली तरी. आणि हे जमत नसेल तर जाऊ नका. शेवटचं वाक्य ऐकून मी आतेबहिणीकडे बघितलं. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. मनावर गावची नोकरी तिनं सोडलेली होती.

शनिवारी आम्ही दोघी इंदूरला एजन्सीत गेलो. बाहेरच्या खोलीत पाच-सहा मुली फाइली घेऊन बसल्या होत्या. टेबलामागच्या माणसानं आमचं ऐकलं आणि मधासारख्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ये तो स्टँडर्ड फॉर्मेट है. सबका यही है."

मी बसमध्ये बसल्यापासून त्याला काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवत होते. तीन प्रकारे जुळवलं होतं, तिन्ही निर्दोष. एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

"भिया, सबका यही है तो सबसे पूछ लेते हैं," आतेबहीण म्हणाली आणि मागे वळली. "बहनजी, आपके कितने पन्ने हैं?"

मुली बघत राहिल्या. एक आमच्याच जिल्ह्यातल्या सतवास गावची होती, तिनं फाइल उघडून मोजले. सहा. आतेबहिणीनं मला सांगितलं, ताई, ती शेवटची ओळ वाच. मी वाचली, जेमतेम ऐकू जाईल अशी. तिनं ती हिंदीत, रस्त्यावर ऐकू जाईल अशी सांगितली. मग टेबलामागच्या माणसासमोरच तिनं मुलाखत घेणाऱ्या हॉस्पिटलच्या बाईंना फोन लावला. त्यांचा नंबर तिनं मुलाखतीच्या दिवशीच मागून ठेवला होता. मला असं कधी सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर मी मागितला नसता.

"मॅडम, फर्स्ट पेपर सेवन पेज," ती म्हणाली. "सेकंड पेपर सिक्स पेज. व्हाय? आय ॲम नर्स. आय नो गो हाउस."

माझे कान गरम झाले, नेहमीसारखे. मग माझ्या लक्षात आलं की पलीकडची बाई ऐकते आहे, विचारते आहे, आणि टेबलामागचा माणूस उभा राहिला आहे.

सहा पानांचा करार हॉस्पिटलला ठाऊकच नव्हता. दोन दिवसांनी त्यांचं तसं पत्र ईमेलनं आलं. एजन्सी म्हणाली, कारकुनाची चूक. चूक होती की आणखी काही, ते आम्हाला कधी कळलं नाही. सात पानांवर पुन्हा सही झाली, नोंद झाली, आणि ती ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा गेली. सतवासच्या मुलीचा मालक दुसरा होता आणि तिला पहिल्यापासून सहाच पानं दिलेली होती. आम्ही निघालो तेव्हा ती फाइल मांडीवर ठेवून तशीच बसली होती. ती गेली की नाही, मला माहीत नाही.

आता घरात कुणी आलं की आत्या सांगते, आमच्या भाचीनं वाचवलं. मला साडी आणली. आतोबा म्हणतात, शिकलेल्या माणसाची नजरच वेगळी. मी ते ऐकून घेते. सोमवार ते शुक्रवारबद्दल आतेबहिणीनं आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिनं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं असं कधीकधी वाटतं. ती चांगली आहे, यावर मला रागावताही येत नाही. तिच्या खिडकीतून खरंच समुद्र दिसतो. तिच्या वरिष्ठ तिला ओपीडीत पुढे बसवतात, कारण ती कुणाशीही बोलते. हे सगळं ती मला सांगते, आणि मी "अरे वा" असं लिहून पाठवते.

मागच्या महिन्यात तिचा निरोप आला, भर दुपारी, मी ऑफिसात असताना. तिच्या वसतिगृहात एक नवीन नेपाळी मुलगी आली होती. घरून निघताना सही केलेला करार वेगळा, आणि विमानतळावरून आणल्यावर सही घेतली तो वेगळा. दोन्हींचे फोटो सोबत होते, दोन्ही इंग्रजीत. खाली लिहिलं होतं, "ताई, वाचून सांग, आधीचा दाखवून इथे तक्रार करता येईल का. आजच."

मी पालकांना जाणारं पत्र बाजूला ठेवलं. दोन्ही करार ओळीनं वाचले, फरक मांडले, वकिलांना फोन करून विचारलं आणि तिला लिहिलं. आधीचा मूळ कागद जपून ठेवायला सांग, दुसऱ्यावर सही कुठे आणि कुणासमोर घेतली ते लिहून काढ, तिच्या देशाच्या वकिलातीत जा, आणि मग तिथल्या कामगार खात्यात. हक्क लगेच मिळेल असं नाही, पण दोन कागदांतला फरक त्यांना बघावा लागतो. पाऊण तास लागला असेल.

तिचं उत्तर लगेच आलं.

"बघ, तासाभरात होतं की."

पुढे हसरा चेहरा वगैरे काही नव्हतं. मी मोबाइल उलटा ठेवला आणि पालकांचं पत्र पूर्ण केलं. सही मुख्याध्यापिकांची झाली.